स्वस्तात गाडी रंगवून घेतलीत का? पैसे वसूल झाले की पाण्यात गेले? (अनुभव धागा)

शनवारातला

मंडळी, आमची २०१० ची वॅगन आर, सिल्व्हर. सासऱ्यांनी घेतलेली, त्यांनी गाडी चालवणं सोडल्यावर आमच्याकडे आली. इंजिन ठणठणीत, एसी गार, पण टपावरचा आणि बॉनेटवरचा चकचकीत थर सोलून निघतोय, उन्हात पोहून आल्यावर पाठीची कातडी निघते ना तसा. बाकी दारं वगैरे बरी आहेत, पुणेरी पार्किंगचे ओरखडे सोडले तर. १५ वर्षं झाली म्हणून आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) रिन्यू करायचीय, एजंट म्हणाला जरा दिसायला नीट करून आणा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने फुल बॉडीचे ७२ हजार सांगितले. हडपसरला एक गॅरेजवाला २४ म्हणतो. आणि एकाने तर गाडी न बघता फोनवरच सांगितलं, साहेब १५ मधे करून देतो, चार दिवसांत न्या. गाडी विकली तर जेमतेम सव्वा लाख येतील, त्यात ७२ घालायला मन धजत नाही. बायको म्हणते टपावर मोठा स्टिकर लाव आणि विषय संपव.

तर ज्यांनी स्वस्तातलं काम खरंच करून घेतलंय त्यांनी लिहा. किती दिले, किती टिकला, परत कराल का. गॅरेजची नावं नकोत, उगाच वाद होतात. आणि "माझा एक मित्र म्हणतो" पण नको, स्वतःचं सांगा.

धायरी फाटा

अल्टो, पांढरी, २०१९ साली १८ हजार दिले. दसऱ्याला पूजेला उभी केली तेव्हा शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती, शेजारच्या काकांनी नवीन घेतली का विचारलं, मी पण मान हलवली. होळीपर्यंत काचेच्या रबराच्या कडेने रंग सुटायला लागला. झालं असं की त्याने रबरं, हँडल, आरसे काहीच काढलं नव्हतं, सगळ्याला चिकटपट्टी आणि वर्तमानपत्र लावून फवारा मारला, मग जिथे पट्टी होती तिथे रंगाची कड राहिली आणि त्या कडेत पाणी शिरलं. टायरवर पण पांढरे शिंतोडे होते, ते मी घरी रॉकेलने पुसत बसलो. परत करणार नाही. पण खरं सांगायचं तर लांबून अजूनही बरी दिसते, मी लांबूनच बघतो.

मांडवीचा वारा

रत्नागिरी. आमच्याकडे रंग उडणं हा प्रॉब्लेमच नाही हो, आमच्याकडे पत्रा उडतो. खारा वारा. माझ्या इंडिकाच्या मागच्या चाकाच्या वरच्या कमानीला गंज धरला होता, गॅरेजवाल्याने वरवर पॉलिश पेपर मारला, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, रंग मारला, कमान गुळगुळीत. ९ हजारांत दोन्ही बाजू आणि बंपर. जून लागला, जुलै लागला, आणि गणपतीच्या आधी त्या कमानीवर पुरीसारखे फुगे. एक फुगा नखाने फोडला तर आतून तपकिरी पाणी आणि लांबीचं ढेकूळच्या ढेकूळ हातात आलं. खाली पत्रा म्हणून जाळी शिल्लक.

चूक माझी पण होती. गंजावर लांबी भरली की गंज थांबत नाही, झाकला जातो, आणि लांबी ओल धरून ठेवते हे मला नंतर दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलं. कुजलेला पत्रा कापायचा, नवीन तुकडा वेल्डिंग करून जोडायचा, प्रायमर, मग लांबी आणि तीही पातळ. त्याचे पैसे वेगळे होणार होते म्हणून पहिल्याने विचारलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

एक करा. फ्रीजवरचा चपटा लोहचुंबक घेऊन दारांवर, कमानींवर फिरवून बघा. जिथे धरत नाही तिथे आधीच कोणीतरी लांबीचा डोंगर घातलाय. (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे धरणार नाहीच, घाबरू नका. माझ्या मेव्हण्याने तेवढ्यावरून एका विकणाऱ्याशी भांडण केलं होतं.)

उद्यमनगरचा पोरगा

कोल्हापूर. आमचे बाबा ३५ वर्षं गाड्यांचे पेंटर, मी पण १२ वर्षं हेच करतोय, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूचा अनुभव लिहितो, चालेल ना.

गिऱ्हाईक विचारतं रंग कुठला मारणार, कुठल्या कंपनीचा. भावांनो, रंग हा खर्चातला लहान भाग आहे. खर्च आहे घासण्यात. वॅगन आर घ्या. सगळं काढायचं म्हणजे लाइट, बंपर, हँडल, आरसे, रबरं, बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी), एवढ्यातच एका माणसाचा एक दिवस जातो, परत बसवायला तेवढाच. मग सोललेला जुना थर अगदी घट्ट धरलेल्या जागेपर्यंत घासायचा, नाहीतर नवीन रंग जुन्या खपलीवर बसतो आणि खपली निघाली की सोबत जातो. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, ३२०, प्रायमर, वाळू द्यायचं, मग ८०० चा वॉटर पेपर पाणी मारत मारत. मग बेस कोट म्हणजे खरा रंग, मग क्लिअर म्हणजे वरचा बिनरंगी चकचकीत थर. आता तुम्ही मला १५ हजारात फुल बॉडी म्हणालात, तर मी रंग कमी नाही मारणार, मी घासायचं कमी करणार. आणि ते तुम्हाला दिसणार नाही. सहा महिने तरी नाही दिसणार.

दुसरी काटछाट क्लिअरमध्ये होते. क्लिअर कोट महाग, त्याचा हार्डनर (थर कडक व्हायला त्यात मिसळतात तो) त्याहून महाग. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं, बऱ्याच क्लिअरला दोनाला एक. काही लोक हार्डनर कमी घालतात, थिनर जास्त ओततात. चकाकी त्याच दिवशी तेवढीच येते, पण थर पातळ आणि कच्चा राहतो, मग दोन उन्हाळ्यांत मेला.

कंपनीसारखा रंग कुठल्याच गॅरेजात होत नाही, माझ्याकडे पण नाही, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. कारखान्यात नुसती बॉडी असते, ती अख्खी टाकीत बुडवून करंट देऊन पहिला थर चढवतात, कोपऱ्याकोपऱ्यात जातो तो, आणि भट्टीत १४० डिग्रीच्या वर भाजतात. आमच्याकडे गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक सगळं असतं, बूथमधे (रंगकामाच्या बंद खोलीत) ६० च्या आसपास अर्धा तास, बस. ज्याच्याकडे बूथ नाही तो रस्त्यावर पाणी मारून धूळ बसवतो आणि देवाचं नाव घेतो.

पावसाळ्यात करू नका. हवेत दमट असलं की रंगाला पांढुरकी झाक येते, जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला तर हमखास यायची. बाबा अँबॅसिडर, पद्मिनी त्याच रंगाने करायचे, पोरांना दिवसभर पॉलिश मारायला लावायचे, त्यातला एक पोरगा मी.

आणि एक लिहितो, धाग्याशी संबंध आहे का माहीत नाही. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ छातीला वाईट. बाबांनी सगळं आयुष्य नाकाला रुमाल बांधून फवारा मारला. आता रात्री दोन वेळा पंप ओढतात. मी बाहेरून हवा येणारा मास्क लावतो, तो आणि त्याचा कंप्रेसर यांचे पैसे माझ्या रेटमध्ये आहेत. १५ हजारवाल्याच्या रेटमध्ये नाहीत.

निमसरकारी

हे सगळं पटलं दादा, पण मग असं नीट काम करून घ्यायला ४५ हजार मोजायचे का? तेवढ्यात जुनी अ‍ॅक्टिवा येते.

उद्यमनगरचा पोरगा

मग अ‍ॅक्टिवा घ्या की. मी कुठे म्हटलं फुल बॉडी करा. धागाकर्त्याची दारं बरी आहेत म्हणतोय तो. टप आणि बॉनेट करायचं, बाकीला हात लावायचा नाही. स्वस्तात चांगलं करायचं असेल तर कमी जागा करा, कमी काम करू नका.

संत्रा बर्फी

नागपूर! लाल सँट्रो, २००६ ची. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर जातं, गाडी सात वर्षं झाडाखाली सुद्धा नाही, उघड्यावर. लालाची गुलाबी झाली होती, पोरं बार्बीची गाडी म्हणत. एका गॅरेजात २० हजार सांगितले, मी हो म्हणणारच होते, तर तिथलाच एक म्हातारा मिस्त्री आला आणि ओल्या फडक्यावर जरासं रबिंग कंपाउंड घेऊन बॉनेटवर घासलं. फडकं लाल! मला वाटलं आता हा रंग पण गेला. तर म्हणे बाई, रंग फडक्यावर येऊन राह्यला म्हणजे वर क्लिअर नाहीच, एकाच थराचा रंग आहे, वरचा जळालेला थर काढला की खाली लाल आहे. दोन दिवस मशीनने पॉलिश, वर वॅक्स, १,८०० रुपये. ज्या गॅरेजला २० हजार मिळणार होते तिथल्याच माणसाने १८ हजार वाचवले, मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

वर्षातून एकदा परत करावं लागतं, आणि दरवेळी थोडा रंग जातोच, तेव्हा हे काही कायमचं नाही. धागाकर्त्याच्या सिल्व्हरला मात्र हे चालणार नाही बहुतेक, मेटॅलिकला वर क्लिअर असतोच आणि तो सोलून निघाला की पॉलिशने परत येत नाही. मी माझ्या नवऱ्याच्या ग्रे गाडीवर करून बघितलं, डाग जास्त उठून दिसायला लागले. नवरा अजून ऐकवतो.

सर्वेअर काका

क्लेमचा विषय कोणी काढायच्या आत लिहितो. ऊन खाऊन रंग गेला, तो विम्यात बसत नाही, झीज धरतात. ठोकली असेल तरच. साध्या पॉलिसीत पेंटिंगच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात, बिल एकत्र असेल तर मटेरियल २५ टक्के धरतात. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर हे कापत नाहीत. शिवाय छोट्या ओरखड्यासाठी क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर आधी कागदावर हिशोब मांडा. "साहेब सगळी गाडी एकाच अपघातात बसवा" म्हणणारे रोज भेटतात, चारही बाजूंनी एकाच वेळी ठोकलेली गाडी मी अजून बघायची आहे.

खडीसाखर

विकायची असेल तर रंगवू नका, एवढंच. माझी २०१२ ची स्विफ्ट, विकण्याआधी नवरोबांनी हौसेने २६ हजार घालून फुल बॉडी केली. घ्यायला आलेल्या माणसाने खिशातून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं, दाराला टेकवलं. कंपनीचा रंग सगळे थर मिळून १००-१३० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड, आमचं दार ३१०, मागचा कोपरा ९०० का काहीतरी. म्हणाला मॅडम मागून बसलीय ना? बसली नव्हती हो, लहानसा पोचा होता, त्यात मिस्त्रीने सढळ हाताने लांबी घातली. त्याने २० हजार कमीच केले. फिकट पण मूळ रंगाची असती तर जास्त आले असते असं तोच म्हणाला. म्हणजे २६ घालून २० घालवले.

बेलापूर लोकल

आमच्या बंधूंनी स्वस्तात करतोच आहे तर रंगच बदलू म्हणून पांढऱ्याची निळी केली, आरसीवर नोंद केलीच नाही. वाशीला अडवलं, कागदावर पांढरी, समोर निळी. गाडी चोरीची नाही हे पटवण्यात दुपार गेली. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करायची, तोच रंग परत मारायचा असेल तर काही लागत नाही. शिवाय दार उघडलं की आत पांढरीच. डिकी उघडली की पांढरी. दोन गाड्यांचं कलम केल्यासारखं दिसतं.

ओहायोकर

इकडे पूर्वी अर्ल शाइब नावाचा गृहस्थ टीव्हीवर सांगायचा, कुठलीही गाडी, कुठलाही रंग, २९ डॉलर ९५ सेंट. ती दुकानं २०१० मध्ये बंद झाली, मी आलो तेव्हा नुसत्या गोष्टी उरल्या होत्या. मी विद्यार्थी असताना तर त्याहून पुढे गेलो, १९९६ ची कोरोला फोमच्या रोलरने घरीच रंगवली, गंज थांबवायचं तेलाचं इनॅमल, पातळ करून सहा हात, प्रत्येक दोन हातांनंतर पाण्याने घासून. पाच वीकेंड गेले. खर्च ९० डॉलर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, खालून गाडी तशीही खलास होणारच होती, त्या हिशोबाने तीन वर्षं छान गेली. संत्र्याच्या सालीसारखा पोत होता, पण संत्रं मी सोललं होतं ना.

शनवारातला

अपडेट. फुल बॉडी रद्द. उद्यमनगर दादांचं वाचून हडपसरला परत गेलो आणि फक्त टप अन् बॉनेट म्हणालो, तर शेठ आधी नाराज झाला. मग विचारलं, पुढच्या काचेचं बीडिंग काढणार की पट्टी लावणार? जुना क्लिअर कुठपर्यंत घासणार? हार्डनर माझ्यासमोर मिसळाल का? तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला साहेब तुमचं पण गॅरेज आहे का. १३,५०० ला ठरलं, त्यातले दोन हजार बीडिंग काढण्या-घालण्याचे, वर काच फुटली तर जबाबदारी माझी हे पण लिहून घेतलं त्याने. चार दिवस म्हणाला होता, नऊ लागले, मी तीनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टप पूर्ण घासलेला, राखाडी प्रायमरमधे, डाव्या कोपऱ्यात गंजाचे दोन ठिपके उघडे पडले होते, ते मला बोलावून दाखवले. हे आवडलं.

सिल्व्हर मात्र जुळला नाही. सावलीत एकसारखा दिसतो, उन्हात टप दारांपेक्षा अर्धी छटा उजळ. शेठ म्हणतो १५ वर्षं उन्हात राहिलेल्या दाराशी कोण जुळवणार, आणि मेटॅलिकला फवाऱ्याचा हात जरा हलका-जड झाला तरी छटा बदलते. सासऱ्यांना दिसली नाही. बायकोला पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून दिसली.

आता वॅक्स लावू का लगेच? पार्किंगवर कबुतरं फार आहेत.

उद्यमनगरचा पोरगा

दीड-दोन महिने वॅक्स नको, थर आतून अजून वाळतोय. कव्हर पण घट्ट घालू नका, घाम धरतं. कबुतराची शीट पडली की त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून काढा, वाळल्यावर खरवडायचं नाही, क्लिअर कोवळा असताना तिचा ठसा उमटतो आणि मग जात नाही. आणि छटेचं म्हणाल तर दारं पॉलिश करून घ्या, उन्हाने मळलेला थर गेला की अंतर थोडं कमी होईल. हजार-बाराशे घेतील. बायकोला आधी सांगू नका, नंतर विचारा दिसतंय का.

शनवारातला

विचारलं. दिसतंय म्हणाली.