मोठ्या ग्रुप राईडला एकच लांब रांग हवी की तुकड्या?

संभाजीनगरकर रायडर:
17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिस्तंभाला वंदन करून बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाईमार्गे परळीपर्यंत बाईक राईड काढायचं आमच्या ग्रुपमध्ये चाललंय. नावं 40च्या घरात गेलीत. सगळ्यांनी एकाच रांगेत जायचं, असा बहुतेकांचा आग्रह आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे.

हिशेब करून बघा. ताशी 60च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. तिरप्या रांगेत, म्हणजे एक गाडी डावीकडे, तिच्या पुढची उजवीकडे, असं चालताना तिरप्या समोरच्या गाडीपासून एक सेकंद आणि थेट समोरच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर ठेवलं, तर 40 गाड्यांची रांग साडेसहाशे मीटरवर जाते. मागून आलेल्या एसटीने ती ओलांडायची कशी? ड्रायव्हर मधेच घुसणार आणि मधला पोरगा सापडणार. शिवाय पुढच्याने जरासा ब्रेक लावला की त्याचा परिणाम मागे मागे वाढत जातो. लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, 60ने निवांत चाललेला असतो आणि शेवटचे मागे पडायच्या भीतीने 90ने गाडी ताणत असतात.

म्हणून सहा-सात गाड्यांच्या तुकड्या करा. प्रत्येकीला आपला लीड आणि आपला स्वीप, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा; दोन तुकड्यांत दोन-तीन मिनिटांचं अंतर. घाटात आणि वळणांवर तिरपी रांग मोडून एकामागे एक. ओव्हरटेक ज्याने त्याने स्वतः रस्ता बघून करायचा, पुढच्याने हात केला म्हणून त्याच्या भरवशावर नाही.

बीडचा बुलेटवाला:
दादा, हिशेब बरोबर असंल, पण राईडचा जीवच काढून घ्यायलात तुम्ही. तुकड्या केल्यावर काय होतं ते आम्ही बघितलंय. दुसरी तुकडी पहिलीला गाठायला बघती, तिसरी दुसरीला, अन् रेस सुरू होती. एका रांगेत एकच लीड असतो, त्याच्या पुढं जायची कुणाची टाप नसती. नवीन पोरं सांभाळली जातात.

दुसरं म्हणजे दिवस कोणता आहे ते बघा. आपल्या आजोबा-पणजोबांनी निजामाच्या राजवटीशी अन् रझाकारांशी झुंज दिली, तवा 1948ला हा दिवस उजाडला. ते गावागावांतल्या लोकांना दिसलं पाहिजे. सहा-सहा गाड्या निघून गेल्या तर कुणाला कळणार कशाची राईड होती?

केजची शिक्षिका:
बुलेटवाले दादा, तुमची भावना मला पोचली. पण आमची शाळा रस्त्याला लागून आहे. सायलेन्सर बदललेल्या गाड्या घोळक्याने गेल्या की वर्गात शिकवणं थांबवावं लागतं. मला त्याहून जास्त राग येतो चौक अडवण्याचा. तुमचे मार्शल गाडी आडवी लावून दोन्हीकडची वाहनं थांबवतात. हा अधिकार पोलिसांचा आहे, तुमचा नाही. अंबाजोगाईला मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले पेशंट तिथेच नेतात. मुक्तिसंग्रामाच्या नावाने निघालेल्या राईडमुळे त्याच रस्त्यावर ॲम्ब्युलन्स अडली तर ते स्वामीजींना शोभेल का?

बीडचा बुलेटवाला:
ताई, सायलेन्सरचं मान्य. कंपनीचाच पाहिजे, नसंल तर त्यानं घरी थांबावं. पण चौकात रांग तुटली की मागचे मांजरसुंब्याला सरळ धाराशिवकडं निघून जातात. त्यांना कुणी हुडकायचं?

संभाजीनगरकर रायडर:
रांग तुटू द्या ना. मांजरसुंब्याला लीडच्या मागचा रायडर अंबाजोगाईच्या वळणावर सुरक्षित जागा बघून थांबतो, येणाऱ्यांना रस्ता दाखवतो आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे रांगेत लागतो. पुढच्या वळणावर तेव्हा लीडच्या मागे जो असेल तो. वळणावर आपला माणूस नसेल तर सरळ जायचं, एवढं एकच सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. चौक अडवायची गरजच उरत नाही आणि समोरची गाडी नजरेआड होईल म्हणून सिग्नल तोडायचीही नाही.

परळीचा शाईनवाला:
मला वेगळंच बोलायचंय. माझी गाडी 125 सीसी. मोठ्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये रायडिंग जॅकेट, बूट, गुडघ्याचे गार्ड कम्पल्सरी करतात. तेवढे पैसे पेरणीच्या दिवसांत कुठून आणायचे? तुकड्या पडल्या की 350च्या वरच्या पुढं अन् आम्ही शेवटी. आम्ही चहाला पोचायलोत तर पुढचे हेल्मेट घालून निघायलेत. एकच रांग असली तर सोबत तरी राहती.

संभाजीनगरकर रायडर:
भाऊ, हे अगदी खरं बोललास. तुकड्या सीसीवरून पाडायच्याच नाहीत. सगळ्यात हळू गाडी लीडच्या लगेच मागे ठेवायची आणि वेग तिने ठरवायचा. वळणावर थांबायचं काम मात्र तिच्या मागच्याचं. शेवटी आलेल्याचा चहा होईपर्यंत कुणी गाडी चालू करायची नाही. जॅकेटचा आग्रह मी सोडतो. पूर्ण बाह्या, बूट, हातमोजे पुरेत. हेल्मेट मात्र मागे बसणाऱ्यालाही लागेल, कायदाही तेच सांगतो. आणि टायर घासलेला असेल तर गाडी कितीही महागडी असो, निघतानाच परत पाठवणार. सप्टेंबरात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते. वर एक सर पडली की चांगला टायरसुद्धा सटकतो.

नांदेडचे काका:
पोरांनो, गाडी बंद पडली तर काय करायचं ते कुणीच बोलत नाही. स्वीप थांबेल, पण बाकीच्यांचं काय? माझं मत, त्याची सगळी तुकडी थांबली पाहिजे.

बीडचा बुलेटवाला:
काका, हायवेच्या कडंला सात गाड्या उभ्या करणं जास्त धोक्याचं. दोघं थांबतील, बाकीचे पुढच्या पंपावर.

नांदेडचे काका:
पंपावर थांबा, पण थांबा. परळीला जाऊन जेवायला बसू नका. त्याची गाडी टेम्पोत घालायची वेळ आली तर भाडं सगळ्यांनी मिळून द्यायचं, हे निघायच्या आधीच ठरवून टाका. नंतर मागायला पोराला लाज वाटते.

बीडचा बुलेटवाला:
हे कबूल, काका. रांगेचं मात्र मला अजून पटलेलं नाही. निदान परळीत शिरताना सगळ्या गाड्या एकत्र पाहिजेत.

संभाजीनगरकर रायडर:
गावात शिरतानाच गर्दी सगळ्यात जास्त असते. त्यापेक्षा गाड्या एका जागी नीट लावू आणि वैद्यनाथाच्या दर्शनाला सगळे मिळून चालत जाऊ. हातात तिरंगा धरता येईल आणि लोकांना आपण कोण, कशासाठी आलो ते थांबून सांगता येईल.

बीडचा बुलेटवाला:
चालत जायचं चांगलंय, त्याला माझा होकार. पण आमच्या बीडच्या पोरांची एक रांग मी मागणारच. रविवारच्या मीटिंगला येतो, तिथं सगळ्यांसमोर बोलू.