'द डे ऑफ द जॅकल': द गॉल वाचणार हे माहीत असूनही?

शेवटची_लोकल

नवी मालिका पाहिली आणि उत्सुकता म्हणून मूळ पुस्तक हातात घेतलं. फ्रेडरिक फोर्सिथ, १९७१. डोंबिवली ते सीएसएमटी, जाता-येता, अकरा दिवस लागले. नावापलीकडे दोघांत फार काही सारखं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीची पानं अक्षरशः ढकलली. ओएएस (बंडखोर फ्रेंच सैनिकांची गुप्त संघटना) म्हणजे कोण, अल्जीरिया सोडला म्हणून हे सगळे सैनिक फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर इतके का खवळलेत, कुठला कर्नल कुणाच्या बाजूचा... घाटकोपरला वाचलेलं नाव कुर्ल्याला विसरायचे. मग तो गोरा इंग्रज मारेकरी येतो, सांकेतिक नाव जॅकल, द गॉलना मारायचे पाच लाख डॉलर मागतो, अर्धे आगाऊ. तिथून पुढे मला सोडवेना. सीएसएमटी शेवटचं स्टेशन म्हणून बरं, परतीला मात्र एकदा कल्याणला जाऊन उतरले.

आता प्रश्न. (पुढे शेवट फोडलाय, न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरा.) द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले, गोळीने नाही. म्हणजे बेत फसणार हे पहिल्या पानापासून माहीत. तरी छाती का धडधडते? आणि दुसरं, जरा लाजतच विचारते: अर्ध्यानंतर मला त्या मारेकऱ्याचं काम फत्ते व्हावं असं वाटायला लागलं होतं. असं इतर कुणाचं झालंय का?

तळटीप

झालंय. सगळ्यांचंच होतं, फक्त कबूल कमी करतात.

त्या सुरुवातीच्या पानांची मात्र बाजू घेतो, कारण ती बरीचशी खरी आहेत. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला द गॉल यांच्या सित्रोएनवर गोळ्यांचा पाऊस पडला. टायर फुटले, तरी चालकाने गाडी बाहेर काढली. त्या कटाचा सूत्रधार बास्तियाँ-थिरी याला ११ मार्च १९६३ ला गोळ्या घातल्या. कादंबरी त्याच पहाटे सुरू होते. फोर्सिथ त्या काळात रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्ये होता. पुढे १९७० च्या सुरुवातीला, खिशात पैसे नसताना, त्याने हे ३५ दिवसांत लिहून काढलं. तेव्हा द गॉल हयात होते! प्रकाशकांनी तुमचाच प्रश्न विचारून बाड परत केलं होतं. पण फोर्सिथ आधी खऱ्या गोष्टी इतक्या शांतपणे सांगतो की खोटी कुठे सुरू झाली ते कळतच नाही.

अर्धा_कप

मला नाही आवडलं. बाई आली की तिला एकच काम. एक कर्नलच्या बिछान्यात शिरून बातम्या काढते, दुसरी ती उमराव घराण्यातली, तिला तर वापरून मारूनच टाकतो. आणि जॅकलच्या डोक्यात काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही. बंदुकीचं वर्णन पानंच्या पानं, माणसाचं चार ओळी.

निवृत्त_कारकून

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात होतो. हे पुस्तक चार वेळा वाचलं आहे आणि लोक बंदुकीबद्दल बोलतात तेव्हा मला नवल वाटतं. कुबडीत लपवलेली बंदूक ठीक आहे, कारागिरी आहे. पण खरी कमाल त्या पासपोर्टात आहे.

आठवून पाहा. तो इंग्लंडातल्या खेड्यांतल्या स्मशानांतून हिंडतो आणि लहानपणीच गेलेल्या, पण जगला असता तर आपल्याच वयाचा असता अशा एका मुलाची कबर शोधतो. डग्गन. त्याच्या जन्माचा दाखला काढतो आणि त्यावर पासपोर्ट घेतो. पासपोर्ट खरा, शिक्का खरा, माणूस तेवढा खोटा.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आमची कपाटं पाहिली. जन्माची रजिस्टरं एका कपाटात, मृत्यूची दुसऱ्या. १९६९ चा कायदा दोन्ही नोंदवायला सांगतो आणि आम्ही नोंदवत होतो. पण जन्माचा उतारा मागायला आलेल्याला 'हा माणूस आहे की गेला?' असं आम्ही कधी विचारलं नाही. फी भरली, पावती फाडली, उतारा दिला. दोन कपाटांमध्ये चार फूट जागा होती. जॅकल त्या चार फुटांतून जातो.

आणि सापडतो तोही तिथेच. लंडनला पोलीस काय करतात? पासपोर्टाचे अलीकडचे अर्ज काढून मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहतात. हे काम करणाऱ्या माणसांबद्दल लेखक फार लिहीत नाही, पण मला ती दिसतात. डोळे चोळत, जिभेला बोट लावून पानं उलटणारी.

फ्रान्समध्येही हॉटेलात उतरलं की कार्ड भरावं लागतं आणि ती कार्डं पोलिसांकडे जातात. आपल्याकडे परदेशी पाहुण्याचा सी-फॉर्म असायचा, तसंच. अर्धा_कप, तुमचा राग रास्त आहे. पण तो त्या बाईंच्या वाड्यात जातो ते एवढ्यासाठीच की तिथे कार्ड भरावं लागत नाही. पॅरिसमध्ये एका पुरुषाच्या घरीही तो ह्याच कारणाने राहतो आणि त्याचंही तेच होतं. त्याच्या मनात काय चाललंय म्हणता, तर हेच: पुढचा कागद कसा चुकवायचा.

जॅकलचा माग काढणारा फ्रेंच पोलीस अधिकारी लबेल मला आवडतो. घरी बायकोपुढे ब्र नाही, ऑफिसात खाट टाकून झोपतो, वरचे साहेब रोज रात्री झाडाझडती घेतात. बैठकीतली बातमी फुटतेय म्हटल्यावर त्याने फोन कुणाचा ऐकला? सगळ्यांचाच! मंत्र्यासकट. असा हाताखालचा माणूस आमच्या एकाही साहेबाला परवडला नसता.

शेवटची_लोकल

काका, हे वाचून शेवट पुन्हा काढला. द गॉल त्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला वाकतात आणि गोळी मागून जाते, तिथे मी थांबले होते. नंतरची दोन पानं नुसती चाळली होती. कॅलथ्रॉप नावाचा खरा माणूस घरी परत येतो, म्हणजे सगळे ज्याला कॅलथ्रॉप समजत होते तो जॅकल कोण, कुणालाच ठाऊक नाही.

निवृत्त_कारकून

त्याच्याही पुढे वाचा. पुरताना कोण कोण हजर आहे ते दिलंय. पाद्री, पोलीस, दोन खड्डा खणणारे आणि नोंदणी करणारा कारकून. लबेल बाजूला उभा. दाखल्यावर लिहिलंय, अनोळखी परदेशी पर्यटक, गाडीने उडवल्याने मृत्यू. आत शिरताना खोट्या नोंदीवर शिरला, बाहेर जाताना सरकारनेच त्याची खोटी नोंद केली. त्या कारकुनाला मी नाव दिलं असतं.

अर्धा_कप

काका, तुमच्यासाठी परत वाचेन. बंदुकीची पानं गाळून.

शेवटची_लोकल

पुढचं कुठलं घेऊ याच लेखकाचं? सोमवारपासून परत लोकल आहे.

निवृत्त_कारकून

'ओडेसा फाइल', १९७२. नावातच फाइल आहे.