'स्टार्टटाइम'ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीकर: मिरकरवाड्यातल्या एका बर्फ कारखान्यासाठी छोटं साधन लिहितोय. लिनक्सवर कुठली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) कधी सुरू झाली ते 'प्रॉक'मधून (सिस्टीम जिथे चालू प्रोसेसची माहिती दाखवते त्या फोल्डरमधून) वाचायचं आणि पडद्यावर मराठीत दाखवायचं. 'स्टार्टटाइम'ला 'प्रारंभवेळ' टाकलंय. चालेल ना?

देवगडवाला: मथळ्याला चालेल, फायलीतल्या आकड्याला नाही. प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये 'स्टॅट' नावाची फाइल असते, तिच्यात एकच लांबलचक ओळ. तिचं २२ वं पद म्हणजे हा स्टार्टटाइम. पण ती घड्याळातली वेळ नाहीच. मशीन चालू झाल्यापासून किती टिक (सिस्टीमचं वेळ मोजायचं बारीक एकक) झाल्यावर प्रोसेस आली, तेवढंच तिथं लिहिलेलं असतं. सेकंदाला बहुतेक ठिकाणी १०० टिक (पण कोडात १०० ठोकून देऊ नका, सिस्टीमलाच विचारा). समजा आकडा आला ८४६२३१. भागिले १००, म्हणजे ८४६२ सेकंद, म्हणजे २ तास २१ मिनिटं आणि वर थोडं. मशीन सकाळी ९.०५ ला चालू केलं असेल तर प्रोसेस ११.२६ ची. मशीन कधी चालू झालं ते 'प्रॉक'मधल्याच सामाईक 'स्टॅट' फायलीत 'बीटाइम'पुढे मिळतं, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. मूळ आकड्याला मी 'आरंभटिक' म्हणेन.

जाता जाता: २२ वं पद नुसत्या मोकळ्या जागा मोजून काढू नका. दुसरं पद म्हणजे कंसातलं प्रोग्रामचं नाव, आणि त्या नावात मोकळी जागा काय, कंससुद्धा असू शकतो. शेवटचा बंद कंस गाठा आणि तिथून पुढचं विसावं पद घ्या.

वेंगुर्लेकरीण: 'आरंभटिक' कानाला टोचतं, पण मुद्दा पटला. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरूनच काढतात. आज अष्टमी, तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. नुसती 'अष्टमी' म्हणणाऱ्याने वेळ सांगितली असं कोणी म्हणत नाही, हिशेबाअंती निघते ती वेळ. पण मग सिस्टीम थेट वेळच का लिहीत नाही?

देवगडवाला: कारण घड्याळ मागेपुढे होतं, टिक नाही होत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या बहुतेक मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतंच. पावसात लाइट गेली-आली की ते जुनीच तारीख धरून उठतं आणि नेट मिळाल्यावर सुधारतं. तेव्हा 'बीटाइम' सरकतो, २२ वं पद मात्र जिथल्या तिथे. शिवाय प्रोसेसचे क्रमांक फिरून वापरले जातात. कित्येक मशीनवर ३२७६८ च्या आतच. काल नोंदवलेला १८४२ आज भलताच प्रोग्राम असू शकतो. क्रमांक आणि आरंभटिक दोन्ही जुळले तरच तोच तो.

राजापूरवाला: 'जन्मवेळ' का नको? प्रोसेस फोर्कने, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसची नक्कल होऊन, जन्माला येते आणि नंतर एक्झेकने दुसराच प्रोग्राम अंगावर चढवते. नाव बदलतं, २२ वं पद तेच राहतं. म्हणजे 'प्रोग्राम सुरू झाल्याची वेळ' असं लिहिलंत तर कधीकधी चक्क खोटं ठरेल. आणि प्रोसेसच्या फोल्डरची तारीख 'एलएस'ने (फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने) बघून जन्म ठरवणाऱ्यांनाही सांगा: ती तारीख त्या फोल्डरची नोंद मेमरीत तयार झाली तेव्हाची, प्रोसेसची नव्हे.

रत्नागिरीकर: 'जन्मवेळ' लिहिलं तर कारखान्यातले आधी पत्रिका मागतील! आणि जागाही कमी आहे, रकाना जेमतेम दहा अक्षरांचा. 'कधीपासून' आणि 'किती वेळ' असे दोन रकाने केले तर? विचारणारे असंच विचारतात.

वेंगुर्लेकरीण: झकास. 'प्रारंभवेळ'पेक्षा शंभरपट बरं. 'वेळ'चा घोळही मिटला, कारण 'किती'पुढे तो अवधीच होतो.

देवगडवाला: रकाने छान. फक्त 'किती वेळ' काढताना 'बीटाइम'च्या वाटेला जाऊ नका. 'प्रॉक'मधल्या 'अपटाइम' फायलीतला पहिला आकडा (मशीन चालू होऊन किती सेकंद झाले तो) घ्या, त्यातून आरंभटिकचे सेकंद वजा करा. मध्येच कोणी घड्याळ दुरुस्त केलं तरी उत्तर बिघडत नाही. 'कधीपासून'साठी 'बीटाइम' लागणारच, तेव्हा तो दर वेळी नव्याने वाचा, साठवून ठेवू नका.