अनुभव धागा: नोटीस लागली, गाडी अडवली, ठराव झाला... कोणता कागद धरून ठेवायचा?

शबाना_सोलापूर
मालवणच्या भंगार दुकानाचा विषय आज कुणीतरी काढला आणि फेब्रुवारी २०२५ पुन्हा डोळ्यासमोर आला. भारत-पाक क्रिकेट सामन्यावेळी भारतविरोधी घोषणा दिल्याचा एका मुस्लिम भंगारवाल्याच्या कुटुंबावर आरोप, दुसऱ्या दिवशी दुकानावर बुलडोझर. महिनाभरात नागपूर, हायकोर्टाची स्थगिती येईपर्यंत दंगलीतल्या आरोपीचं घर जमीनदोस्त. दोन्ही वेळा अशा पाडकामाला लगाम घालणारा सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आधीच आलेला होता. मग तो उपयोगी का पडत नाही? ज्यांनी ही कामं जवळून पाहिलीत त्यांनी लिहा. नुसती हळहळ नको, कागद सांगा.

वकील_नांदेड
निकालात काय आहे ते आधी. नोटीस रजिस्टर पोस्टाने, शिवाय बांधकामावर चिकटवलेली. हातात पडल्यापासून किमान १५ दिवस. मग प्रत्यक्ष सुनावणी आणि तिचं इतिवृत्त. मग कारणांसह अंतिम आदेश, त्यात बांधकाम नियमित होऊ शकतं का, थोडाच भाग काढून भागतं का, हे लिहिलेलं हवं. त्यानंतर पुन्हा १५ दिवस. पाडताना चित्रीकरण.

गोम पुढे आहे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा जलसाठा यांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणून नोटिशीत 'रस्त्यातील अतिक्रमण' एवढं लिहिलं की सगळं गळून पडतं. उत्तर एकच, भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी, म्हणजे जागेच्या हद्दी ठरवणारी सरकारी मोजणी. सोबत मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या. नोटीस आल्यावर मोजणीला अर्ज केला तर मोजणीची तारीख मिळेपर्यंत मुदत उलटून जाते. वस्तीत तणाव नसताना करून घ्या.

दिलशाद
आणि मागच्या तारखेची नोटीस दाखवली तर?

वकील_नांदेड
त्यासाठीच निकालात ईमेल घातलाय दिलशादभाई. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल जायला हवा आणि त्याची आपोआप पोच यायला हवी. माहिती अधिकारात ती पोच मागा. चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो घ्याल तेव्हा दार आणि घर नंबर दोन्ही त्यात दिसू देत. नुसत्या कागदाचा फोटो काही सिद्ध करत नाही.

जनावर_बाजार_बीड
जनावरांच्या गाडीचं लिहितो. २०१५ पासून राज्यात गायीसोबत बैल, वळूचीही कत्तल बंद. म्हैस-रेड्याला बंदी नाही, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तरी रस्त्यात रेड्याची गाडीही अडवतात. सोबत हवं: बाजार समितीची सौदा पावती, पशुवैद्यकाचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला, कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडे पावतीवर. एका मालगाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत. सातवं चढवलं की बाकी सगळे कागद बरोबर असूनही क्रूरतेचा गुन्हा लागतो.

गाडी थांबवून तपासायचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला, नाहीतर शासनाने अधिकृत केलेल्या माणसाला. रस्त्यावर काठ्या घेऊन उभ्या टोळीला नाही. आणि खरा मार नंतर बसतो. जप्त जनावरं गोशाळेत जातात, २०१७ च्या नियमांनी त्यांच्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर, गाडीमालकही त्यात जबाबदार. खटला लांबला की हा खर्च जनावराच्या किमतीवर जातो. माणूस निर्दोष सुटेपर्यंत धंदा संपलेला असतो. भाकड जनावर दावणीला ठेवून शेतकरीही बुडतोय, ते कुणी बोलत नाही.

विमल_काकू
फार वाईट वाटतं वाचून. मढीच्या कानिफनाथ यात्रेतही असाच ठराव झाला ना, मुस्लिम व्यापाऱ्यांनी दुकानं लावू नयेत असा?

ग्रामसेवक_निवृत्त
हो काकू, फेब्रुवारी २०२५. अशा वेळी भांडत बसू नये, ठरावाची प्रमाणित नक्कल आणि हजेरीपट मागावा. ग्रामसभेची गणपूर्ती (लागणारी किमान हजेरी) म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जे कमी ते. सह्या मोजा. मग गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आवक क्रमांकासह. सामाजिक बहिष्काराचा २०१६ चा कायदा पुढे करू नका. तो जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर चालतो, इथे अर्ज फेटाळला जाईल. घटनेचे अनुच्छेद १५ आणि १९ लिहा.

पाथर्डीकर
मढीत गाढवांचा बाजारही भरतो. लांबलांबून लोक येतात. त्या यात्रेत कोण कुठला हे पूर्वी कुणी विचारत नव्हतं.

विमल_काकू
गाढवांचा बाजार अजून भरतो होय? कुकर लावलाय, येते नंतर.

नसीम_मालेगाव
जन्मदाखल्याचं राहिलं. जन्मानंतर वर्ष उलटून केलेल्या नोंदीसाठी आदेश लागतो, तो नायब तहसीलदाराच्या सहीचा असेल तर रद्द ठरवलाय. आधी आदेशावरचं पदनाम बघा. नव्याने अर्ज करताना नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. नावात एकीकडे 'शेख नसीम बी', दुसरीकडे 'नसीम शेख' असेल तर अर्जाआधीच राजपत्रात बदल करून घ्या. नाहीतर तेवढ्या एका 'बी'वर फाईल अडते आणि बांगलादेशी असल्याचा संशय बायकांवर येतो, कारण शाळेचा दाखला त्यांच्याकडेच सगळ्यात कमी असतो.

दिलशाद
कोतवाल बुकाची नक्कल कुठे मिळते ताई?

नसीम_मालेगाव
तहसीलचा अभिलेख कक्ष. गाव आणि साल नेमकं लिहा, नाहीतर शोध लागत नाही म्हणून अर्ज परत येतो.