मदत हवी आहे: हस्तिदंतावरचं छोटं व्यक्तिचित्र, सही जॉन स्मार्टची आहे का?

नमस्कार मंडळी,

जुन्या व्यक्तिचित्रांचा अभ्यास असलेलं किंवा संग्रहालयात काम केलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. जरा लांब लिहिते आहे, पण जे दिसतंय ते नीट सांगितल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

लघुचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थानी किंवा पहाडी चित्रं येतात. हे तसलं नाही. फोटोच्या आधीच्या काळात इंग्रज लोक आपल्या माणसाची आठवण म्हणून तळहातावर मावणारं चित्र काढून घेत आणि लॉकेटसारखं जवळ ठेवत, त्यातलं हे आहे. हस्तिदंताची पातळ चकती, त्यावर जलरंग, वरून काच. आकार लंबगोल, उंची साडेसहा सेंटीमीटर, रुंदी पाच. कोंदण सोनेरी आहे, पण सोनं नसावं, कारण एका बाजूला आतलं तांबूस दिसतं.

चित्रात लाल डगला घातलेला तरुण अधिकारी आहे. केसांना पांढरी पावडर, मागे करडी-तपकिरी पार्श्वभूमी. पाठीमागच्या बाजूलाही काच आहे आणि तिच्याखाली चटईसारखे विणलेले खरे केस आहेत. तपकिरी, माणसाचे. या केसांमुळेच आजीनं ते कधी देवघराच्या खोलीत येऊ दिलं नाही. ‘कुणाचे कोण जाणे, त्याचं माणूस त्याची वाट बघत असेल,’ असं ती म्हणायची, पण टाकूही देत नसे. आयुष्यभर ते तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं.

आमच्याकडे ते आलं आजोबांमुळे. आजोबा मद्रासला, पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत (रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात) नोकरीला होते आणि रविवारी मूर मार्केटमध्ये जुनी पुस्तकं धुंडाळायचे. (१९८५ च्या आगीत ते मार्केट जळलं. आजोबांना त्याचं फार वाईट वाटलं होतं.) साठच्या दशकात कधीतरी पुस्तकांबरोबर हेही त्यांनी आणलं. पावती नाही, विकणाऱ्यानं काय सांगितलं तेही कुणाला आठवत नाही. म्हणजे वस्तू मद्रासमध्ये मिळाली, एवढीच काय ती खात्री.

आता मुख्य मुद्दा. डाव्या बाजूला खाली, डगल्याच्या कडेला बारीक अक्षरं आहेत. सराफाकडचं दहा पटींचं भिंग घेऊन मी दोन दुपारी खिडकीशी बसले. सगळ्यात वर एक तिरपं अक्षर, अर्धं कोंदणाखाली. त्याच्या शेजारी स्पष्ट इंग्रजी ‘एस’. त्याखाली १७, मग ९ सारखा आकडा, आणि चौथा आकडा कोंदणानं झाकलेला. त्याच्याही खाली एकच उभी रेघ.

या रेघेनं माझी झोप उडवली आहे. जॉन स्मार्ट हा लंडनचा नावाजलेला व्यक्तिचित्रकार १७८५ मध्ये मद्रासला आला आणि १७९५ पर्यंत इथे होता. अर्काटचा नवाब मुहम्मद अली वालाजाह आणि त्याच्या घरातल्यांची चित्रं त्यानं काढली. तो आपली आद्याक्षरं आणि वर्ष लिहायचा, आणि भारतात काढलेल्या चित्रांवर वर्षाखाली इंग्रजी ‘आय’ घालायचा, इंडियाचा आय. माझ्या चित्रावरची उभी रेघ म्हणजे तोच आय आहे, की नुसता ओरखडा?

बाजूने जाणाऱ्या गोष्टी अशा. चेहरा पारदर्शक रंगात आहे, खालचा हस्तिदंत त्वचेसारखा आतून उजळतो. डगला मात्र जाड, अपारदर्शक रंगाचा. चांगले चित्रकार असंच करत. भिंगाखाली गालावर छापील ठिपक्यांची जाळी नाही, ब्रशचे सुटे ठिपके आणि रेघा आहेत, म्हणजे छापील चित्रावर रंगवलेलं नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका आहे आणि डोळ्याखाली दोन पुसट सुरकुत्या. स्मार्ट चेहऱ्यावरच्या अशा बारीकसारीक खुणा सोडत नसे. पावडर लावलेले केसही काळाला धरून आहेत. इंग्लंडमध्ये १७९५ साली पावडरीवर कर बसला आणि ती फॅशन ओसरत गेली.

विरुद्ध बाजूही सांगते. ओठ मला ताठ वाटतात. बटणं एका रेषेत नाहीत, आणि इतक्या नेटक्या हाताच्या माणसाकडून ती चूक पटत नाही. शिवाय स्मार्टच्या नकला झाल्या आहेत आणि दोन अक्षरं नंतर घालणं काही अवघड नाही. त्याचा मुलगाही जॉन स्मार्टच, तोही हेच काम करायचा आणि १८०९ मध्ये मद्रासलाच वारला. पण त्याचा जन्म १७७६ चा, त्यामुळे आकडा खरंच १७९० नंतरच्या पहिल्या वर्षांतला असेल तर तो बाद होतो. जॉर्ज चिनरी हा दुसरा इंग्रज चित्रकार मद्रासला आला १८०२ मध्ये, तोही बाद. मग उरतो एखादा अनामिक हात, आणि तसं निघालं तरी मला वाईट वाटणार नाही. फक्त नक्की कळायला हवं.

कोंदण उघडलं तर दोन मिनिटांत उलगडा होईल, हे कळतंय. पण एका फ्रेमवाल्याला नुसतं दाखवायला नेलं, तर मी नको म्हणेपर्यंत त्यानं सुरीचं टोक कडेत घातलंसुद्धा. आता तिथे चरा आहे. तेव्हापासून ते कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

अपडेट: इतक्या जणांनी आस्थेनं लिहिलं, मनापासून आभार. एकत्रच उत्तर देते.

हस्तिदंत खरा आहे का ते कळायला गरम सुई टोचून बघा, असं दोघांनी सुचवलं आहे. कृपया कुणीच हे करू नका. सेल्युलॉइड (हस्तिदंतासारखं दिसणारं जुनं प्लॅस्टिक) असेल तर कापराचा वास येतो हे खरं, पण हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो. मी उजेड तिरपा धरून पाहिलं, कडेला नैसर्गिक बारीक रेषा दिसतात.

दिल्लीला पर्यटकांना विकायचे तसलं असेल का, हा प्रश्न रास्त आहे. ताजमहाल, मुमताज, मुघल बादशहा हस्तिदंतावर रंगवून तिथे खूप विकले गेले. पण त्यात अनोळखी इंग्रज अधिकारी आणि मागे त्याचे केस कशाला असतील? पियानोच्या जुन्या हस्तिदंती पट्ट्यांची चौकट लावलेली, खोट्या सहीची चित्रंही बाजारात असतात. इथे तशी चौकट नाही.

विकणार का, असं व्यक्तिगत निरोपात विचारणाऱ्यांना: नाही. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू कायद्याखाली परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही. आणि तसंही, ते आजीच्या ट्रंकेतलं आहे.

एक नवी काळजी मात्र आहे. काल सकाळी काचेच्या आतल्या बाजूला दवासारखे सूक्ष्म थेंब दिसले. जुन्या काचेतले क्षार बाहेर येऊन असा ‘घाम’ सुटतो आणि तो जलरंगावर टेकला की रंग जातो, असं वाचलं आहे. म्हणजे आता नुसती सही बघायची हौस राहिली नाही, उघडावं लागणारच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात कुणी घरची वस्तू नेली आहे का? आधी पत्र लिहावं लागतं का, किती थांबावं लागतं? आणि तोवर पावसाळ्यात हे कसं ठेवू? ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकल्या तर हस्तिदंत फार कोरडा पडून तडकेल, अशी भीती वाटते.

अमेरिकेत असलेल्यांना एक विनंती. कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात स्मार्टच्या कारकिर्दीतल्या जवळजवळ प्रत्येक वर्षाचं चित्र आहे. कुणी जवळ राहत असेल तर १७९० ते १७९५ मधल्या सह्या नीट पाहून सांगाल का, की तो वर्षाखालचा आय नुसती उभी रेघ काढायचा, की वरखाली छोटे आडवे फाटे द्यायचा? माझ्या रेघेला खाली एक अगदी पुसट फाटा आहे. वरचं टोक दिसत नाही, तिथेच डगल्याची घडी येते.