मदत हवी आहे: गव्हात उतरणारी पिवळी पाखरं, सुगरण की भारीट?

धुऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे आमचं वावर आहे. अर्धा गहू सोंगून झाला, उशिरा पेरलेला पट्टा अजून उभा आहे. गेल्या आठवड्यापासून त्यात रोज सकाळी पिवळी पाखरं उतरतात. दोनशेच्या वर असावीत, मोजू देत नाहीत. ट्रॅक्टर गेला की भुर्रकन धुऱ्यावरच्या पळसावर, पाच मिनिटांत परत गव्हात. पळस फुलावर आहे, त्यात बसली की शोधत बसा.

चिमणीहून जराशी मोठी, चोच जाड. नराचं डोकं कुळकुळीत काळं, पाठ विटकरी, गळ्यापासून खाली पिवळाधमक, छातीवर एक रेघ नाही. निम्म्याहून जास्त मात्र मळकट, धुळीच्या रंगाची. परवा दोन असे दिसले की डोकं आणि छाती तांबडी, पोट पिवळं. दुर्बिणीला मोबाईल लावून फोटो काढलाय, हसू नका.

बाबा म्हणतात, ह्या सुगरणी. मला पटत नाही. सुगरणीच्या नराला पिवळी टोपी येते, तीही विहिरीवरच्या बाभळीला खोपे लागतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात. इथे टोपी काळी आणि महिना मार्चचा. माझा अंदाज काळ्या डोक्याचा भारीट. पण जानेवारीत ह्याच धुऱ्यावर असाच थवा होता आणि त्यात काळं डोकं एकाचंही नव्हतं, वहीत तसं लिहिलंय. मग ते वेगळे होते का? तांबड्या डोक्याचे कोण? आणि मळकट पाखरांची ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, नोंद काय म्हणून करू?

अजून एक, शेजारचे काका जाळं लावतो म्हणतात. त्यांना काय सांगू?

माळटिटवी:
अंदाज बरोबर आहे. जानेवारीतले बहुतेक हेच. थंडीत नराच्या काळ्या पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे डोकं मातकट दिसतं. परतीच्या आधी काळा रंग उघडा पडतो. एप्रिल संपेपर्यंत निघतील. जातात मात्र हिमालयाकडे नाही, पश्चिमेला: इराण, तुर्कस्तान, पार बाल्कनपर्यंत. वीण तिकडे, हिवाळा जवळजवळ सगळाच भारतात.

तांबडे दोघं लाल डोक्याचे भारीट. ते मध्य आशियातले, पण हिवाळ्यात दोघांचे थवे एकत्र चरतात. मळकट त्या बहुतेक माद्या, त्यांच्या बाबतीत मीही हात टेकलेत. कमरेवर तांबूस झाक असेल तर बहुधा काळ्या डोक्याची, पिवळसर-हिरवट असेल तर लाल डोक्याची. इराणकडे दोघांचा संकरही होतो, तेव्हा ओढूनताणून नाव देऊ नका. ई-बर्डवर दोन्ही जातींचा एकत्र पर्याय मिळतो, तो टाका. ओळखलेले नर वेगळे मोजा.

गोफणगुंडा:
जाळ्याचं काही ऐकू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली पाखरं धरणं गुन्हा आहे, आणि जाळ्यात आधी होले-तितरच अडकतात. आमच्याकडे चकाकती फीत ताणतो. दोन दिवस चालते, मग पाखरं सरावतात, म्हणून जागा बदलत राहावं लागतं. खरा उपाय म्हणजे उरलेला पट्टा लवकर सोंगणं.

धुऱ्यावरचा:
आभार! आज सकाळी पुन्हा बसलो. काळ्या डोक्याचे ३४ नर मोजले, तांबडे दोनच. माद्यांच्या कमरा बघता बघता मान आखडली, सरळ एकत्र नोंद टाकली. काकांना कायद्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "मी त असंच म्हनत होतो." हार्वेस्टरवाला गुरुवारी येतो म्हणालाय.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सुगरण नसन, मान्य. पन गहू त माहाच खाल्ला ना!"