मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमात यांत्रिक भाग किती लागतो?

प्रश्न (मावशी_ठाणे): माझ्या भाचीला दहावीनंतर मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आहे. सर्किटची तिला मनापासून आवड आहे, मात्र मोटर, पंप, झडपा यांचा कंटाळा आहे. तिने या शाखेकडे वळावे का?

उत्तर (जुना_तंत्रज्ञ): यांत्रिक भाग टाळून या क्षेत्रात निभाव लागणे कठीण आहे. रुग्णाला ठरावीक वेगाने औषध देणाऱ्या सिरिंज पंपाचेच उदाहरण घ्या: स्टेपर मोटर (छोट्या-छोट्या टप्प्यांत फिरणारी मोटर) स्क्रू फिरवते, त्यामुळे सिरिंजचा दट्ट्या संथपणे पुढे सरकतो आणि नळी तुंबल्यास वाढलेला दाब ओळखून यंत्राने अलार्म द्यायचा असतो. हा अलार्म विनाकारण वाजू लागला, तर दोष सेन्सरमध्ये आहे की वाळलेल्या सलाइनने जाम झालेल्या स्क्रूमध्ये, हे पंप उघडल्याखेरीज समजत नाही. कंटाळा बहुधा पुस्तकी असावा. हातात पाना आला की तो जातो.

उत्तर (प्रयोगशाळा_सहायक): वरील मताशी सहमत आहे, परंतु सुरक्षाचाचण्यांचा उल्लेख राहिला. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णाकडे जाणारा विजेच्या गळतीचा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक नसावा, असे आयईसी ६०६०१ हे वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचे मानक सांगते. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची ऊर्जाही रुग्णाऐवजी ५० ओहमच्या रोधावर मोजतात. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन अशी चाचणी-उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती खरोखर दिली जातात का, हे विचारावे.

उत्तर (मावशी_ठाणे): आभारी आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो ना?

उत्तर (जुना_तंत्रज्ञ): होय, गुणवत्तेनुसार मिळतो.